एक्केचाळिसावा दिवस

१२ जानेवारी

मोटेलात येऊन पडलो. खोली तीच, नदीकडची. मोटेलवाली मिसेस द्वोराक चावी देताना म्हणाली, "यंदाही एकटेच?" आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं. खरं तर मार्लिस इथे कधीच येत नसे. अधिवेशनाला राजधानीत मी दरवर्षी एकटाच यायचो. पण रोज संध्याकाळी घरी फोन करून तिला अख्खा दिवस सांगायचो. कोण काय बोललं, कोणाचं तोंड उतरलं. ती मध्येमध्ये 'हं' करायची, आणि शेवटी विचारायची, "जेवलास का?"

तिला जाऊन दोन वर्षं होतील. गेलं अधिवेशन मी भिंतीकडे बघत काढलं. यंदा ही वही आणलीय. वही 'हं' म्हणत नाही, पण निदान ऐकता ऐकता घोरत तरी नाही.

व्हर्लिन हॉगनचा लाल ट्रक मोटेलच्या पार दुसऱ्या टोकाला उभा आहे. म्हणजे तोही आलाय. बरं.

१४ जानेवारी

बंदूकवाल्यांच्या संघटनेसाठी मी लिहून दिलेलं विधेयक दाखल झालं. आमदार फिस्कने मांडलं. हा फिस्क गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो, त्यामुळे त्या भरधाव वेगात त्याने काय वाचलं ते सभापतींनाही कळलं नसेल.

इथे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण दिवसभर दहा जणांना दहा तऱ्हांनी समजावून माझंच डोकं भंजाळलंय. आमच्या राज्यात पिस्तूल उघडं कमरेला लावून हिंडायला कोणाची ना नाही. पण त्यावर कोट चढवला की ते 'लपवलेलं' ठरतं, आणि लपवायला शेरीफचा, म्हणजे तालुक्याच्या पोलीसप्रमुखाचा, परवाना लागतो. आता या थंडीत बिनकोटाचा हिंडणारा माणूस मला कोणी आणून दाखवावा. आणि शेरीफच्या मनात असलं तर तो परवान्याला महिनोन् महिने लावतो. माझं विधेयक एवढुसं आहे. ज्या माणसाला मारहाण करणाऱ्यापासून कोर्टाने संरक्षणाचा आदेश दिलाय, त्याला शेरीफने त्याच दिवशी तात्पुरता परवाना द्यायचा. बस्स.

हे सगळं कोरिनमुळे सुचलं. मी शाळेत वेल्डिंग शिकवायचो तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी. तिने केलेली पत्रांची पेटी अजून माझ्या फाटकावर आहे, एक सांधा उकललेला नाही. आता ती नर्स आहे, गावोगावच्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन बघते, मैलोन् मैल एकटी गाडी हाकते. नवरा रँडल. त्याच्याविरुद्ध कोर्टाचा आदेश आहे, पण आदेश म्हणजे कागद, आणि रँडल कधी वाचनाच्या फंदात पडला नाही. ती कुठल्यातरी आडबाजूच्या घरातून तपासणी करून निघते तर हा रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसता बसलेला. परवान्याला अर्ज केलाय. शेरीफ रँडलचा मासेमारीतला दोस्त. अर्ज अजून 'विचाराधीन'.

मी म्हटलं, "तू समितीपुढे येऊन बोल. तू बोललीस तर होईल." ती लगेच हो म्हणाली नाही. मी दोनतीनदा फोन केला तेव्हा म्हणाली.

१७ जानेवारी

सकाळी गाडीची पुढची काच लख्ख. आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांवर बोटभर बर्फ. मिसेस द्वोराकने गडी ठेवलेला दिसतो. बरंच झालं, कारण बर्फ खरवडायची माझी पट्टी गाडीत नाहीच. गेल्या हिवाळ्यात रानबदकांच्या शिकारीला गेलो तेव्हा व्हर्लिनच्या ट्रकमध्ये राहिली. पिवळ्या मुठीची, मार्लिसने आणलेली. मागायला काही मी जाणार नाही.

२० जानेवारी

व्हर्लिनच्या लोकांनी आज विधानभवनात पत्रकं वाटली. 'आणखी एक परवाना? नको!' असं वर मोठ्या अक्षरात. आमच्या बंदूकवाल्यांच्या संघटनेचा मी बारा वर्षं बिनपगारी सचिव, आणि व्हर्लिन तितकीच वर्षं माझा उजवा हात. गेल्या ऑक्टोबरात वार्षिक सभेत तो उठला आणि भर सभेत म्हणाला, "ओरिन ट्वेट आपल्याच घराच्या दारावर टकटक करून आत येऊ का विचारतो." अर्धी सभा त्याच्या मागून बाहेर गेली. नवी संघटना काढली. त्यांना परवाना हा प्रकारच नको. सगळं द्या, एकदम द्या, नाहीतर काहीच नको.

दुपारी खाणावळीत समोरासमोर आलो. एकच टेबल मोकळं, काय करणार, बसलो. त्याने कॉफी सांगितली, मी सांगितली. एक साखरपाकाचा रोल आला, तो सवयीने त्याने अर्धा तोडून माझ्या बशीत ठेवला आणि मग दोघंही त्या अर्ध्या तुकड्याकडे बघत बसलो. मी म्हटलं, पूर्वी परवान्याला वर्ष लागायचं, आपण ते खाली आणलं. मोटारीत बाळगायला बंदी होती, ती उठवली. असं थोडंथोडं करतच आलो ना आपण दोघं? थेंबे थेंबे तळे साचे.

तो म्हणाला, "तळं साचेपर्यंत मासा मेला, ओरिन."

मी म्हटलं, पोकळ गप्पांनी मतं मिळत नाहीत. तो म्हणाला, जे आपलं आहे ते हप्त्याहप्त्याने परत घेतोस आणि ज्याने हिसकावलं त्याचेच वर आभार मानतोस. मी रोल न खाता उठलो. नंतर भूक लागली.

२९ जानेवारी

आज समिती.

कोरिन सकाळी निघून निसरड्या रस्त्याने आली, नर्सच्याच कपड्यांत, कारण परत जाताना दोन घरं करायची होती. खोली गच्च भरलेली. ती बोलायला उभी राहिली. रँडलचं नाव घेतलं, गाव सांगितलं, तो कुठल्या वळणावर उभा असतो ते सांगितलं. ती कुठल्या दिवशी कुठल्या घरी जाते तेही बोलण्याच्या ओघात सांगून गेली. आमदार फिस्कचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो.

मग विरोधक उठले. महिला आश्रमाची एक बाई होती, शांतपणे म्हणाली, घरात पिस्तूल आलं की शेवटी ते कोणाच्या हातात जातं हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. ती खोटं बोलत नव्हती, एवढं मला कळत होतं. आणि तिच्यानंतर, त्याच बाकावरून, व्हर्लिन उठला. त्याने कोरिनकडे न बघता सांगितलं की या बाईच्या जिवाची किल्ली तुम्ही पुन्हा त्याच शेरीफच्या खिशात ठेवताय, आणि आमची संघटना असल्या उपकाराच्या विरोधात आहे. ज्यांना बंदूक मुळीच नको ते आणि ज्यांना बिनशर्त हवी ते, दोघांनी मिळून माझं विधेयक पाडलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पाडलं म्हणजे इथल्या रीतीने पाडलं. आमचं अधिवेशन चाळीस दिवसांचं. समितीला एखादं विधेयक मारायचं असलं तर ती 'नाही' म्हणत नाही. ते एक्केचाळिसाव्या दिवसापर्यंत पुढे ढकलते, आणि तो दिवस काही उजाडत नाही. सगळे हसून कागद गोळा करतात. मीही आजवर किती विधेयकांवर असाच हसलोय.

बाहेर पडल्यावर कोरिनने पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं. म्हणाली, "सर, एक्केचाळिसावा दिवस कुठल्या तारखेला येतो? मला आत्ताच सुट्टी टाकावी लागेल."

मी तिला सांगितलं. तिने कॅलेंडर परत ठेवलं आणि विचारलं, बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलं असेल का. मी म्हटलं, असेल. मला ताबडतोब फिस्ककडे जायचं होतं, कारण अजून एक वाट शिल्लक होती. तिला गाडीपर्यंत सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण आमदार एकदा पांगले की सापडत नाहीत.

३० जानेवारी

शिल्लक वाट म्हणजे धुरी. बिळात धूर कोंडून उंदीर बाहेर काढतात तशी. सभागृहातले एक तृतीयांश आमदार जागेवर उभे राहिले तर समितीला मारलेलं विधेयक बाहेर काढून सगळ्यांपुढे ठेवावंच लागतं. बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मी माझी माणसं मोजली. थोडी कमी पडतात. जेवढी कमी पडतात तेवढी नेमकी व्हर्लिनच्या खिशात आहेत.

संध्याकाळी कोरिनचा फोन. काल तिचं बोलणं रेडिओवर लागलं, सगळ्या तालुक्याने ऐकलं. रँडलनेही. आज तो वळणावर नव्हता. नेमका त्या म्हातारीच्या अंगणात होता जिथे ती गुरुवारी जाते असं तिने समितीत सांगितलं होतं. मी म्हटलं, धीर धर, धुरीची तयारी चाललीय. ती म्हणाली, "हो, सर."

तिला तिथे बोलायला मीच लावलं, हे आज दिवसभर मनातून जात नाही.

३ फेब्रुवारी

आज मार्लिसला दोन वर्षं झाली.

काही केलं नाही. विधानभवनात गेलो, लोकांशी हसलो, कोटावरचा प्रवेशाचा बिल्ला काढला, परत आलो. दुपारी व्हर्लिनचा फोन आला होता. उचलला नाही. आजच्या दिवशी विधेयकावर वाद घालायची माझ्यात ताकद नव्हती. पुन्हा एकदा आला, तोही वाजू दिला. माणसाला काही काळवेळ असते की नाही?

तिची शवपेटी उचलताना तो माझ्या पुढे होता. पायरीवर माझा पाय घसरला तेव्हा त्याने न वळता सगळं वजन स्वतःकडे घेतलं होतं. आज हे का आठवलं कोण जाणे.

काच पुन्हा स्वच्छ होती. मिसेस द्वोराकला केक नेऊन दिला, म्हटलं, काचेबद्दल आभार. ती म्हणाली, "कसली काच?" फार भिडस्त बाई आहे.

६ फेब्रुवारी

व्हर्लिन स्वतःहून माझ्या दारात आला. टोपी हातात. आत ये म्हटलं, आला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. आधी विचारलं, बरा आहेस ना? मी म्हटलं, कामाचं बोल.

तो म्हणाला, "तुझ्या विधेयकातून शेरीफ काढून टाक. कोर्टाचा आदेश हातात आहे ना, तोच तिचा परवाना. कोणाच्या दारात जायचं कारण नाही. एवढं कर, माझी सगळी माणसं उभी राहतील. मला संपूर्ण हवंय हे तुला ठाऊक आहे. पण त्या मुलीसाठी मी इथवर येतो."

खोटं कशाला लिहू, क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण शेरीफांच्या संघटनेने यंदा विरोध करणार नाही म्हणून जे सांगितलंय ते एकाच अटीवर, की परवाना त्यांच्याच हातून जाईल. मी शब्द दिलाय. आज तो मोडला तर पुढच्या वर्षी त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि काठावरचे काही आमदारही त्यांच्याबरोबर जातील. हे काम कसं करायचं ते मला कळतं, बारा वर्षं केलंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि शिवाय, भर सभेत मला दारावर टकटक करणारा म्हणाला तोच आज माझ्या दारावर टकटक करतोय, हेही मनात आलंच. तेही बोलून दाखवलं.

तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी पाऊल पुढे टाकलं, ओरिन. तू एक टाक."

मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

तो हसला. चिडून नाही, थकून. गेला. एक पाऊल टाक म्हणे. आयुष्यभर एकेक पाऊल टाकत आलेल्या माणसाला हा शिकवतोय.

१० फेब्रुवारी

धुरी झाली.

प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. व्हर्लिन समोरच्या बाजूला. मध्ये खाली सगळं सभागृह. फिस्क उभा राहिला, मग एकेक करून माझी माणसं. शेतकरी आमदार, विमावाला आमदार, डोळ्यांची डॉक्टरीण. खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला मी एकेक बोट मोजत होतो. व्हर्लिनची माणसं बसून होती. त्यांच्यातला एक जण वर व्हर्लिनकडे बघत होता, उठू का म्हणून. व्हर्लिनने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. इतक्या लांबून त्याची अट मान्य म्हणून मान हलवली तर लोक काय समजतील, असं वाटलं.

तो माणूस अर्धवट उठला होता, बसला. सभापतींनी पुढचा विषय घेतला.

तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं घेऊन मी जिना उतरलो. खाली फिस्कने पाठीवर हात ठेवला, पुढच्या वर्षी म्हणाला. मी म्हटलं, हो, पुढच्या वर्षी. हे मी आजवर शंभरदा म्हटलंय, आणि दर वेळी खरं वाटलंय. आज तोंडात कडवट राहिलं.

११ फेब्रुवारी

कोरिनला मी फोन करणार होतो, पण काय सांगायचं ते जुळवत बसलो, तेवढ्यात तिचाच आला. मागे गाडीचा आवाज. म्हणाली, घर सोडलं, सामान मागच्या सीटवर आहे, दुसऱ्या राज्यात, आयडाहोला बहिणीकडे चाललेय. नोकरीचा राजीनामा दिला. म्हाताऱ्यांपैकी दोघीतिघींचा निरोप घेता आला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं होतं.

मी विचारलं, "तिकडे परवान्याचा कायदा कसा आहे?"

"माहीत नाही, सर. तिकडे रँडल नाही."

मग म्हणाली, रागावू नका, एक सांगते. व्हर्लिन हॉगन आठ दिवसांपूर्वी भेटले, त्यांनी तुम्हाला काय सांगितलं आणि तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं. "मला वाटायचं, तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडताय. मला काय हवंय ते दोघांपैकी कोणी एकदाही विचारलं नाही. मला तर बंदूक धरायचीच भीती वाटते, सर. दुसरं कोणी काही देत नव्हतं म्हणून तीच मागत होते."

मी म्हटलं, आठ दिवस कसे, तो तर माझ्याकडे सहा तारखेला आला. काय बोलायचं आणि मी काय तारखा धरून बसलो. ती म्हणाली, असेल, सहाच्या नंतर असेल. आणि ठेवता ठेवता म्हणाली की समितीच्या दिवशी ती परत गेली तेव्हा एक लाल ट्रक तिच्या मागे मागे थेट तिच्या फाटकापर्यंत आला होता. आधी ती घाबरली. मग व्हर्लिनने काच खाली करून हात दाखवला, ती आत जाऊन दिवा लागेपर्यंत थांबला आणि गेला. मला सांगू नको म्हणाला होता.

त्याच्यात असं लपवण्यासारखं काय होतं ते मला कळत नाही. विरोधात बोलून आला होता, मन खात असेल.

आमच्या फाटकावरची पेटी मात्र तिच्या हातची आहे. ती असू दे.

१२ फेब्रुवारी

अधिवेशन अजून बरंच उरलंय, पण माझं इथलं काम संपलं. सकाळी सामान बांधलं. मिसेस द्वोराकने चावी घेतली आणि म्हणाली, तुमचा मित्रही आज उजाडताच गेला. मी म्हटलं, कोण मित्र? ती माझ्याकडे बघत राहिली.

व्हर्लिनचा ट्रक असायचा तिथे बर्फात कोरडा काळा चौकोन होता, त्यावर भुरभुर सुरू झालेली.

माझ्या गाडीची काच आज पांढरीफटक. महिन्याभरात पहिल्यांदाच. आणि वायपरखाली एक वस्तू अडकवलेली, पिवळ्या मुठीची. माझी पट्टी. मार्लिसने आणलेली.

म्हणजे परत केली एकदाची, असं आधी वाटलं. आमच्यात घेणंदेणं संपलं म्हणायचं. रागच आला. मग खरवडायला लागलो. वर भुसभुशीत होतं, खाली काचेसारखं टणक. हात बधिर झाला, दम लागला, थांबलो, पुन्हा लागलो. पट्टीची धार पार झिजलीय. माझ्याकडे होती तेव्हा नवीकोरी होती.

तिथेच उभा राहिलो जरा वेळ. फोन खिशातून काढला, त्याचं नाव काढलं. मग वाटलं, गाडी चालवत असेल तो, रस्ता निसरडा आहे, कशाला. घरी पोचल्यावर बघू. उद्या बघू.

अख्खी काच काही साफ झाली नाही. समोरचं दिसण्यापुरता तुकडा खरवडला, आणि तेवढ्यातून बघत घरापर्यंत आलो. घर गार पडलंय. तू विचारायच्या आत सांगतो, मार्लिस, जेवलो नाही.